वरवंटा घेऊन भिवंडीला

भिवंडीचं प्रवासवर्णन आजवर कुणी लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. लोक काश्मीरचं लिहितात, युरोपचं लिहितात. भिवंडीला माणसं कामाला जातात आणि काम आटोपलं की ठाण्याची गाडी पकडतात. पण दिमोना म्हणजे इस्रायलच्या दक्षिणेकडचं, वाळवंटातलं आमचं गाव. इथं मी भिवंडीला जाऊन आल्याची बातमी पसरल्यापासून रोज संध्याकाळी कुणी ना कुणी बाकावर शेजारी येऊन बसतं आणि म्हणतं, "बेनी, सांग." सांगून सांगून गोष्टीत माझा पराक्रम वाढत चाललाय. कालच्या सांगण्यात तर मी पाटा एकट्यानं उचलला होता. तेव्हा आणखी खोटं बोलायच्या आत एकदा लिहून टाकलेलं बरं.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं. आमचा घाणा खारबावला होता. तो आजोबांच्या हातून बंद पडला आणि बाबा भिवंडीत नारपोलीला लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, फिटर म्हणून लागले. मी मॅट्रिकला बसलो (पुढचं विचारू नका) त्याच वर्षी बाबांना इस्रायलमधल्या कापडगिरणीत काम मिळालं आणि सगळं बिऱ्हाड उचलून आम्ही इकडे आलो. त्याला तीस वर्षं झाली.

आईनं निघताना पितळी हंडा सोडला, शिवणयंत्र सोडलं, माझी सायकल तर न विचारता सोडली. आणला फक्त वरवंटा. पाटा जड म्हणून तो शेजारच्या खतिजाचाचीकडे ठेवला. "पोचले की मागवून घेते," म्हणाली. दिमोनात पाटा कुठला मिळायला! बांधकामावर टाकून दिलेली एक संगमरवरी लादी बाबांनी उचलून आणली. तिच्यावर आईनं तीस वर्षं चटणी वाटली. घरात बारसं असलं की आधी वरवंट्याला आंघोळ, मग तेल, मग टोपरं, आणि मूल पाळण्यात जायच्या आधी वरवंटा पाळण्यात. माझ्या दोन्ही मुलांनी त्या अर्थी आयुष्यात पहिला शेजार केला तो दगडाशी. वरवंट्याच्या एका टोकाला टवका उडालेला होता. माझ्या पणजोबांनी घाण्यावर आलेल्या दरोडेखोराच्या डोक्यात तो हाणला, तेव्हाचा तो टवका, असं मी मुलांना सांगत आलो. दरोडेखोराचा घोडाही असायचा गोष्टीत.

इकडे आल्यावर तिसऱ्या वर्षी बाबा हृदयविकारानं गेले. त्यानंतर कधीतरी आई मसाला वाटत होती आणि मी लसूण सोलत होतो. मान वर न करता ती म्हणाली, "जोडी मी फोडली रे. पाटा तिथं, वरवंटा इथं. जोडपं तोडून आणलं, म्हणून माझं तुटलं."

हे आमच्या धर्मात कुठं लिहिलेलं नाही. कुणाच्याच धर्मात असेल असं वाटत नाही. मी तिला हृदय कसं चालतं ते नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि लसणाचा आणखी एक गड्डा माझ्यापुढे सरकवला. पुन्हा हा विषय तिनं काढला नाही, आणि तो डोक्यातून काढलाही नाही.

गेल्या वर्षी ती बरीच आजारी पडली. उठून बसली त्या दिवशीच तिनं हुकूम सोडला, "पाटा घेऊन ये. नाही जमलं तर वरवंटा तिथं ठेवून ये. मी असेपर्यंत जोडी एका जागी झाली पाहिजे." धाकट्या भावाची पाठ दुखते, बहिणीला रजा नसते. ज्याच्या नसण्यानं कुठंच काही अडत नाही असा मी एकटाच. शिवाय आता दोन्ही देशांत वकिलाती उघडल्या होत्या, थेट विमान होतं. सबबी संपल्या होत्या.

विमानतळ

आमच्याकडचे विमानतळावरचे लोक फार चौकस. तपासणीला माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची एक पोरगी होती. तिनं वरवंट्याभोवतीचा टॉवेल उलगडला.

"हे काय आहे?"

"दगड."

"कशासाठी?"

"चटणीसाठी."

"भारतात दगड मिळत नाहीत?"

मी म्हणालो, "मिळतात. पण याचा जोडीदार तिथं आहे." तिनं शांतपणे माझा पासपोर्ट बाजूला ठेवला आणि वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठ आले. त्यांनी वरवंटा हातात तोलला, हुंगला आणि विचारलं, "लसूण?" त्यांच्या आजीनं मोरोक्कोहून पितळी खलबत्ता आणला होता म्हणे. मग आम्ही दोघं आज्यांबद्दल बोललो. मागची रांग आमच्याबद्दल बोलली. शेवटी वरवंटा मोठ्या सामानात गेला आणि मी विमानात.

शुक्रवार, भिवंडी

घरी सगळ्यांना मी छातीठोकपणे सांगून आलो होतो, की डोळे बांधून सोडलं तरी मी आमची गल्ली शोधीन. नुसत्या कानांनी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना लूम होता, तो इतरांसारखा खटाखट न वाजता मध्येच एक ठोका गिळायचा. बाबा म्हणायचे, हा लूम लंगडा आहे. तो आवाज मी तीस वर्षं कानात जपून ठेवला होता.

ठाण्याहून निघालो. वाटेत काल्हेरला पूर्वी खाडीचा वारा आणि भाताची खाचरं होती. आता गोदामामागून गोदाम, आणि ट्रकांची अशी रांग की वारा आला तरी त्याला थांबावं लागेल. नारपोलीला रिक्षातून उतरलो. डोक्यावर उन्हाची टोपी, नाकाला मलम, गळ्यात पाण्याची बाटली, हातात पिशवी आणि पिशवीतला वरवंटा पावलागणिक गुडघ्यावर. उभा राहिलो, डोळे मिटले, कान दिले.

काहीच नाही. एक कोंबडा आरवला तेवढाच.

धंदा बुडाला की काय सगळा? चहाच्या टपरीवर विचारलं, "लूम बंद का आहेत?"

टपरीवाल्यानं मला टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं. "आज जुम्मा है ना, चाचा. छुट्टी."

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. हे मला, लूम फिटरच्या मुलाला, एका परगावच्या टपरीवाल्यानं सांगितलं. गेली तीस वर्षं मी माझ्या शनिवारात इतका गुंतलो होतो की भिवंडीचा शुक्रवार साफ विसरून गेलो होतो.

मग डोळे उघडे ठेवून शोधायला लागलो, तरी दोनदा चुकलो. जिथं कौलारू चाळी होत्या तिथं दुमजली घरं, खाली लूम, वर माणसं. शेवटी एका दाराशी मला ओळखीची पायरी दिसली. म्हणजे दिसल्यासारखी वाटली. विमानात पाठ केलेलं वाक्य मी मोठ्यानं म्हटलं, "मी इसाक फिटरचा मुलगा. तीस वर्षांनी घरी आलोय."

दार उघडणारा माणूस लुंगीवर होता, तोंडात दातून. तो म्हणाला, "आओ, बैठो, चाय पियो. लेकिन इसाक कौन?"

चहा प्यायलो. तो आझमगढ़चा निघाला. त्यालाही घर सोडून बरीच वर्षं झाली होती. त्यानं मला त्याच्या गावच्या आंब्यांबद्दल सांगितलं, मी त्याला आमच्या वाळवंटाबद्दल. मी 'खतिजाबी' हे नाव घेतलं तसा तो उठला, "अरे, पहले बोलना था!" आणि हाताला धरून त्यानं मला बरोबर मागच्या गल्लीत नेऊन सोडलं. वाटेत आमचं जुनं घर लागलं. खोली आता लूमची शेड झाली होती. बाबांची खाट होती तिथं बिमं, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठाले रूळ, रचलेली. मला गहिवरून येईल असं मी धरून चाललो होतो. आल्या फक्त शिंका. हवेत कापसाचे तंतू होते.

खतिजाचाची दारातच तांदूळ निवडत बसली होती. सत्तरीच्या पुढची, चणीनं लहान, चष्म्याच्या काचा जाड. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पाहतच राहिली.

"मिलकाचा पोर ना तू? थोरला का धाकला?" मिलका म्हणजे माझी आई.

"थोरला. बेनी."

"मंग केस कुटं गेलं तुजं?"

तीस वर्षांनंतरच्या भेटीत पहिलं वाक्य काय असेल, याच्या मी बऱ्याच कल्पना केल्या होत्या. हे त्यात नव्हतं.

आत खुर्चीवर हसनचाचा बसले होते, तिचे मालक. ऐंशी ओलांडलेले, तोंडात एकही दात नाही, आणि कान हवं तेव्हाच चालणारे. "कोन आलंय?" "इसाकभाईचा बेनी." "कोन?" "इसाकभाईचा!" "चा ठेव मंग," ते म्हणाले. चाचीनं माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. "चा म्हनलं तर बरोबर ऐकू येतं."

लॉजचं नाव मी काढायच्या आत माझी पिशवी आत गेली. ती उचलताना चाचीच्या सुनेचा, नसीमचा, हात खाली गेला. "भाईसाब, क्या भरा है इसमें?" मी म्हणालो, आईची एक वस्तू आहे. मी पाट्यासाठी आलोय. चाचीनं मान हलवली. "ठाव हाय मला. तुजी अमानत जाग्यावर हाय. आदी जेव."

जेवायला तांदळाच्या भाकरी आणि पापलेटचं कालवण. घरच्यांसाठी बाजूला कोळंबीचं भांडं होतं, ते चाचीनं माझ्यापासून लांब सरकवलं. "तुजासाठी न्हाय हां. तुमी खवल्याचीच मच्छी खाता." बरोबर होतं. खवले आणि पर नसलेली मासळी आम्हाला वर्ज्य. इस्रायलच्या दक्षिण टोकाला, एलातच्या समुद्रकिनाऱ्यावर मी एकदा कोळंबी चाखली होती, आणि ती मला आवडलीही होती. पण जी बाई तीस वर्षं माझा धर्म लक्षात ठेवून बसली होती, तिच्यासमोर हे सांगायची माझी छाती झाली नाही. कोळंबीच्या वासावर भाकरी खाल्ली.

जेवताना मी बोलत होतो आणि नसीम तोंडाला ओढणी लावून हसत होती. शेवटी चाचीनंच खुलासा केला. "तू पेपरात छापतात तसा बोलतोस रे." माझं मराठी आईच्या तोंडून आणि जुन्या मासिकांतून टिकलेलं. इथं घरात चाची एका भाषेत विचारी, सून दुसऱ्या भाषेत उत्तर देई, आणि दोघींना ते एकच वाटे.

शनिवार

सकाळी लूम सुरू झाले आणि मी अंथरुणात उठून बसलो. जमीन थरथरत होती, पेल्यातलं पाणी थरथरत होतं. लंगडा लूम काही ऐकू आला नाही. आता सगळे धडधाकट.

पाटा पाहिला. स्वयंपाकघरात मोरीशेजारी, जमिनीत सिमेंटनं पक्का बसवलेला. घर नव्यानं बांधलं तेव्हा गवंड्यानंच तसा बसवून दिला, चाची म्हणाली. मोठा, रुंद, काळाभोर. हाच आमचा, यात शंका नव्हती. लहानपणी त्यावर बसल्याबद्दल मी मार खाल्ला होता. त्यावर एक वरवंटा आडवा ठेवलेला होता. तो असणारच, इतकी वर्षं ती कशानं वाटणार? त्याच्याकडे मी लक्षच दिलं नाही.

माझ्या मनात आलं ते असं. पाटा जमिनीत पक्का. म्हणजे निघणार नाही. म्हणजे मला उचलावा लागणार नाही. वरवंटा इथं ठेवायचा, जोडी एका जागी, आईचा हुकूम पुरा, माझी कंबर शाबूत. इतका सुटसुटीत विचार मी फार दिवसांत केला नव्हता.

"चाची, राहू दे पाटा. मीच ती वस्तू इथं ठेवून जातो," असं म्हणत मी पिशवीकडे हात नेला.

"आज न्हाय," चाची म्हणाली.

"का?"

"शनवार हाय ना? शनवारी दगडाधोंड्याला हात लावत न्हाय तुमी. वाटन-कांडन न्हाय, चूल न्हाय. तुज्या आयची चूल शनवारी मी येऊन पेटवायची. इसरलास?"

मी सांगायचा प्रयत्न केला, की चाची, मी तितकासा पाळत नाही. तिनं चष्म्यावरून असं पाहिलं की मी त्या दिवशी पाळलं. दिमोनात आमचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, जे वीस वर्षांत करू शकले नाहीत ते खतिजाचाचीनं एका नजरेत केलं. दिवसभर मी नुसता बसून राहिलो. नसीमनं चहा पाच वेळा दिला, आणि प्रत्येक वेळी हसनचाचांना त्याचा वास आधी लागला.

"आनी पाटा ऱ्हाऊ दे म्हनजे काय?" चाची संध्याकाळी म्हणाली. "अमानत हाय ती. उद्या गवंडी येतो. छिन्नी मारून काढून देईल तुला."

माझी कंबर तेव्हापासूनच दुखायला लागली.

रविवार

गवंडी सकाळीच आला. छिन्नी, हातोडा, डोक्याला रुमाल. त्यानं पाट्याच्या कडेनं बोटानं ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "निकलेगा. पर टूटेगा तो मेरे को मत बोलना."

उचलण्याची भीती होतीच, आता फुटण्याची. आईला जाऊन काय सांगू, की जोडी एका जागी करायला गेलो आणि पाट्याचे तुकडे घेऊन आलो? गवंड्यानं छिन्नी टेकवली, हातोडा उचलला, आणि मी मध्ये पडलो.

"थांबा! चाची, आईनं सांगितलंय, पाटा निघत नसेल तर वरवंटा इथं ठेव. हा बघ, मी आणलाय." आणि पिशवीतून टॉवेल काढून, तो उलगडून, वरवंटा तिच्यापुढे धरला.

चाचीनं तो दोन्ही हातांत घेतला. अंगठा फिरवत टवक्यापाशी आणला आणि थांबली. मग म्हणाली, "आलास?" हे माझ्याशी नव्हतं.

"इथं ठेव म्हनजे काय?" तिनं मला विचारलं. "हा माजाच हाय."

"नाही चाची, हा आईचा. तिनं जाताना—"

"जाताना तिनं माजा उचलला." चाची सरळ मागच्या दारानं बाहेर गेली. मी आणि गवंडी तिच्यामागून. नळाखाली कपडे धुवायला एक आखूड दगड टाकलेला होता. "हा माजा पाटा," म्हणत तिनं त्यावर पाणी ओतलं, साबण घासून काढला, नसीमकडून मीठ-कोथिंबीर मागवली आणि बसली वाटायला. वरवंटा त्या दगडावर असा फिरला, जसा मोरीतल्या पाण्यावर तवंग सरकतो. मग आत येऊन तिनं तोच वरवंटा आमच्या मोठ्या पाट्यावर ठेवून दाखवला. तो दोन्ही टोकांनी टेकला आणि मध्ये अधांतरी डुगडुगत राहिला.

"बघ. आनी हा तुमचा," म्हणून तिनं काल मी ज्याच्याकडे पाहिलंही नव्हतं तो वरवंटा उचलला आणि आमच्या पाट्यावर फिरवला. कडेपासून कडेपर्यंत.

झालं होतं असं. आम्ही निघायच्या दिवशी दोघी शेजारणींनी ओसरीवर दोन पाटे शेजारी मांडून आमच्याबरोबर द्यायचा मसाला वाटला. दोन्ही वरवंटे धुऊन भिंतीला टेकवून वाळत ठेवले. ट्रकवाला भोंगा वाजवायला लागला, बाबा ओरडायला लागले, आईनं हाताला आला तो वरवंटा लुगड्यात गुंडाळला. दुसऱ्या दिवशी चाची हळद वाटायला बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"कळवलं का नाहीस?"

"कळवू कुठं? तुमच्या मुलखाचं नाव तरी कुनाला लिवता येत व्हतं? म्हनलं मिलका वाटायला बसंल, तिला कळंलच."

पण आई वाटायला बसली ती सपाट लादीवर. लादीला सगळेच वरवंटे सारखे.

"आणि हा टवका?" मी हळूच विचारलं. शेवटची आशा.

"माज्या सासूनं नारळ फोडला ह्यानं. लई शिव्या खाल्ल्या सासऱ्याच्या."

पणजोबा गेले. दरोडेखोर गेला. घोडाही गेला.

"मला वाटलं तू माजा द्यायला नि तुमचा न्यायला आलास," चाची म्हणाली. "मागायचा कसा म्हनून दोन दिवस गप ऱ्हायले."

मग मला सांगावंच लागलं, आईनं कशासाठी पाठवलं ते. बाबा तिसऱ्या वर्षी गेले ते, आणि लसूण सोलताना ती काय म्हणाली ते. सांगताना मला लाज वाटत होती, शिकल्यासवरल्या माणसानं असलं काही सांगायचं म्हणून. चाची ऐकत होती. तिनं एकदा तिच्या वरवंट्याकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या खुर्चीकडे.

"म्हनजे फुटली ती माजी जोडी," ती म्हणाली. आणि उंबऱ्यात जाऊन ओरडली, "अवो ऐकलं का! मिलकाच्या हिशोबानं तुमी तीस वर्षांमागंच मरायला पायजे व्हते!"

हसनचाचांना हे बरोबर ऐकू गेलं. "मंग टायमावर सांगायचं ना," ते म्हणाले. "चा हाय का?"

गवंड्याला चहा देऊन परत पाठवला. चाचीनं आमचा वरवंटा पुसून माझ्या हातात दिला. "हा ने. मिलकाला तिचा दे." मी तो घेतला आणि मला कळेना, की आता नक्की करायचं काय. म्हणून आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या फोनबूथवर गेलो. काचेच्या खोक्यात एकच माणूस मावायचा. मी आणि चाची मावलो. हसनचाचा बाहेर काठी टेकून उभे.

आईनं फोन उचलला, "शालोम?"

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून हाताला परका लागायचा रे. मला वाटलं, हवा बदलली."

"आई, तुझी जोडी इथंच आहे. एकत्र. पहिल्यापासून."

"आणि हसनभाई?"

"इथं उभे आहेत. बाहेर."

"उभे आहेत?"

"काठी आहे हातात. पण उभे आहेत."

"खतिजाला दे."

आधी जे झालं ते भांडण होतं. "तूच उचललास!... मी कशाला टेकवू तुज्या बाजूला?... अगो, डोळे व्हते का काय व्हतं तुला?" बूथवाला आकडे पळणाऱ्या मीटरकडे बघून खूष होता. मग चाची एकदम थांबली. तिनं चष्मा कपाळावर सरकवला.

"न्हाय गो," ती म्हणाली. "न्हाय. तुजी एक दिस पन फुटली न्हाय. माज्या हाताखाली हायेत दोगं... हां... माजी फुटली ती. आनी हा हाय की, दोन टाइम माजं डोकं खातो... न्हाय गो मिलका. तू न्हाय. तू काय पन न्हाय केलं."

मी काचेतून बाहेर बघत राहिलो. हसनचाचा काठीनं खुणावत होते, की झालं का?

फोन परत माझ्याकडे आला तेव्हा आईचा आवाज सर्दी झाल्यासारखा होता. "त्यांचा त्यांना दे. आणि माझा तिथंच ठेव, पाट्यावर. हात लावू नकोस त्याला." मग तिच्या नेहमीच्या आवाजात, "काही खाल्लंस का?"

दिमोना

रिकाम्या हातानं आलो नाही. चाचीनं सुक्या खोबऱ्याची आणि लसणाची चटणी दिली होती. अर्धी त्यांच्या पाट्यावर वाटलेली, अर्धी आमच्या. दोन वेगळ्या पुड्या. "मिलकाला वळखू दे," म्हणाली. आईनं दोन्ही चाखल्या आणि चुकीची ओळखली.

भिवंडीबद्दल तिनं फारसं विचारलंच नाही. गोदामं, दुमजली घरं, आझमगढ़चे आंबे, मी सगळं तयार ठेवलं होतं. तिला ऐकायचं होतं फक्त हसनचाचांचं. दात किती? नाहीत? मग खातात कसे? जिना चढतात का? मी सांगत होतो, ती मान डोलवत होती, आणि पुन्हा विचारत होती.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणाली, "बिडी ओढतात का कधी?"

"चाची म्हणाली, कधीच ओढली नाही."

"कधीच?"

"कधीच."

आई उठली. ताट तसंच ठेवलं. तीस वर्षांत बाबांबद्दल एक वाकडा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

"बघ," ती म्हणाली. "आणि हे! भिवंडीत बंडलावर बंडल. इथं आले तर सिगारेट. डॉक्टर म्हणाला सोडा. सोडली? मी लपवली की शेजाऱ्याकडे मागायचे. छातीत दुखायला लागलं त्या दिवशी मी म्हटलं, चला दवाखान्यात, आत्ता चला. काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, गॅस झालाय, ओवा दे. ओवा! आणि मी दिला. मूठभर ओवा दिला मी त्या माणसाला!"

मी काही म्हणणार होतो. हृदय कसं चालतं ते मला माहीत होतं.

"तू गप्प बस. तो फोटो काढ खाली."

मी खुर्चीवर चढून भिंतीवरचा बाबांचा फोटो काढून दिला. तिनं तो टेबलावर समोर उभा केला, पदरानं काच पुसली, चष्मा लावला आणि ओव्यापासून पुन्हा सुरुवात केली.